पेशी वाढल्या

सोनीने डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मन्ही मोठीमाय कोठे गई?"

मीच तिची मोठीमाय, म्हणजे आजी. तिला मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले होते. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. बाजूला माझी धाकटी बहीण शांता पंचा ओला करून तिच्या कपाळावर ठेवत होती. पंचा ठेवला की दोन मिनिटांत कोमट व्हायचा.

"मी शे ना. आठेच शे," मी म्हटलं.

सोनीने मान हलवली. नाही म्हणाली. तू ती नाही.

पुढे वाघूरच्या पुलावर केळीचा ट्रक आडवा झाला होता. जीपवाला हॉर्न वाजवत होता, ट्रकवाला खाली उतरून टायरकडे बघत बिडी ओढत होता. शांता खिडकीतून ओरडली, "अरे बाबा, पोर मरतंय आमचं!" मी तिला म्हटलं, "तोंड बंद कर. पोर ऐकतंय." ट्रकवाल्याने बिडी फेकली. 'मरतंय' हा शब्द ऐकून त्याने ट्रक कसा बाजूला घेतला देव जाणे, पण घेतला.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की ताप आला तर घरी गोळी देत बसू नका, तडक आणा. त्यामुळे मी तडक निघाले होते. बाकी माझ्या हातात काही नव्हतं.

पिंपळनेर ते धुळे

सोनी माझ्या मुलाची, प्रकाशची मुलगी. तेव्हा चार वर्षांची. सूनबाई तिला अंघोळ घालत होती आणि डाव्या कुशीत हाताला काहीतरी घट्ट लागलं. गावातले म्हणाले पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली. आम्ही धुळ्याला नेलं. तिथे रक्त तपासलं. रक्त चांगलं निघालं. रक्त चांगलं म्हटल्यावर आम्ही सगळे खूश. पण तिथला डॉक्टर हुशार, त्याने पोटाचा फोटो काढायला लावला. किडनीवर गाठ होती, पोरीच्या मुठीपेक्षा मोठी. पुढे मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ती किडनी गाठीसकट काढली. आता एका किडनीवर आयुष्य काढायचं, आणि गाठ परत येऊ नये म्हणून कित्येक महिने इंजेक्शनं घ्यायची.

दर वेळी मुंबईला जाणं होईना. तिथल्यांनीच सांगितलं, जळगावला एक मुलांचे डॉक्टर आहेत, ते आमच्याकडे शिकलेले, ते देतील. मग प्रश्न आला, नेणार कोण? सूनबाई बाळंतीण. प्रकाशचं सायकलचं दुकान मुंबईच्या वाऱ्यांमध्ये बंद पडायला आलेलं. शिवाय पुढच्या आठवड्यात त्याची धुळ्याच्या कोर्टात पेशी.

ही पेशी काय ते सांगून टाकते, कारण पुढे तिचं काम आहे. आमच्याकडे कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात. आमच्या शेताचा आणि चुलत दिराच्या शेताचा बांध एक. त्या बांधावर एक आंबा. बांध कोणाचा यावरून माझ्या मालकांनी दावा लावला, ते गेले, दावा राहिला. पेशी वाढली म्हणजे तारीख पुढे गेली. माझ्या संसारात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य तेच. मालक धुळ्याहून परत यायचे, पायातली वहाण काढायचे आणि म्हणायचे, पेशी वाढली.

तर मी म्हटलं, मी नेते. प्रकाश म्हणाला, "माय, तुला पाट्या वाचता येतील का?" मी चौथी शिकलेली आहे. आमच्या वेळची चौथी. मी त्याला म्हटलं, "तू शाळेत जायला रडायचास तेव्हा तुला पाटीवर ग म कोणी शिकवलं?"

हिवाळा होता. साक्रीपर्यंत सोनी झोपली. साक्रीला एक बाई चढली, माझ्या शेजारी बसली. सोनीची टोपी झोपेत सरकली होती. डोकं गुळगुळीत. औषधाने सगळे केस गेले होते, भुवयासुद्धा.

बाईने विचारलं, "मानता फेडी का वं पोरनी?"

आमच्याकडे नवस फेडायला देवीपुढे लेकराचं डोकं भादरतात. मी म्हटलं, "फेडी."

"कोनती देवीले?"

"मुंबईनी देवीले."

"पावस का?"

"अजून ठरनं नही," मी म्हटलं.

तिने सोनीच्या डोक्याला हात लावून तोच हात आपल्या कपाळाला लावला आणि पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून दिला. मी खोटं बोलले असं मला वाटलं नाही. लाडू मात्र मी खाल्ला, कारण सोनीला बाहेरचं द्यायचं नव्हतं.

धुळ्यापर्यंत प्रकाश सोबत होता. स्टँडवर त्याने आम्हांला जळगावच्या गाडीत बसवलं. खिडकीतून सोनीचा पाय धरून उभा राहिला, गाडी हलेपर्यंत सोडला नाही. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, पाय सोडा, गाडी पाय घेऊनच जाईल."

जळगाव

पारोळा, एरंडोल गेलं की मुलूख बदलतो. आमच्याकडे डोंगर, भात, नागली. इकडे काळी जमीन, वेचायला आलेला कापूस आणि जळगाव जवळ आलं की केळीच केळी. सोनी म्हणाली, "इतली केळी कोन खास?" मी म्हटलं, तू खा. डॉक्टरांनी फळांमध्ये केळंच चालेल सांगितलं होतं, जाड सालीचं आणि आपल्या हाताने सोललेलं. त्या आठवड्यात तिने केळ्यांना न्याय दिला.

दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर रक्त तपासायची खोली. बाकावर आमच्याआधी एक बाई बसली होती, रेहाना नावाची. जळगावचीच. नवरा घरांना रंग द्यायचं काम करणारा. मांडीला खेटून तिची मुलगी नसरीन, सोनीपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठी, तीही टोपीवाली. दोन टोप्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"तुझे पण गेले?" नसरीनने विचारलं.

सोनीने टोपी काढून दाखवली. नसरीननेही काढली. मग दोघींनी एकमेकींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खिदळायला लागल्या. रेहानाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं.

सोनीचं रक्त निघेना. मुंबईत टोचून टोचून शिरा आत गेलेल्या. सोनीने किंकाळी फोडली, माझ्या हाताला चावली. तेव्हा नसरीन दारातून आत आली. "ऐसे नको," ती सोनीला म्हणाली. "अंगठा आत घाल, मूठ वळ. आन् जिथे टोचते ना, तिथे फुंकर मार. जोरात. फुंकर मारली की दुखणं उडून जातं."

सोनीने मूठ वळली आणि चूल पेटवताना मारावी तशी फुंकर मारली. रक्त आलं. रक्त काढणारा म्हणाला, "नसरीनबाई, तुम्हांला नोकरीवर ठेवतो." नसरीन म्हणाली, "पगार किती?"

दुपारी डॉक्टरांनी कागद बघितला. तरुण माणूस, चष्मा, बोलणं हळू.

"आजी, पेशी कमी आहेत," ते म्हणाले.

मी म्हटलं, "कमी असल्या तर बरंच झालं की."

"नाही आजी, कमी असणं बरं नाही. आज इंजेक्शन देता येणार नाही. पेशी वाढल्या की देऊ."

आता माझं डोकं तापलं. "अहो, पेशी वाढल्या की काम होत नाही, हा माझा जन्माचा अनुभव आहे. तुम्ही उलटं काय सांगता? आणि आमच्या पेशीचं तुम्हांला कोणी सांगितलं? वकिलाने?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कसला वकील, आजी?"

मी बांधाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हसायला लागले ते थांबेचनात. सिस्टरही तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मला राग आला, पण सोनीही हसायला लागली म्हणून मी सोडून दिलं.

मग त्यांनी समजावलं. रक्तात बारीक बारीक दाणे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना पेशी म्हणतात. तांबड्या असतात, पांढऱ्या असतात. पांढऱ्या राखण करतात. बाहेरचा रोग आत आला की त्याला हाकलतात. सोनीला दिलेलं औषध गाठ मारतं, पण ते आंधळं आहे. राखणदारांनाही मारतं.

"म्हणजे शेत उभं आहे आणि माळ्यावर राखणीला कोणी नाही," मी म्हटलं.

"बरोबर. आणि अशा वेळी पाखरं आली तर?"

अशा शेताचं काय होतं ते मला माहीत आहे.

मी त्यांना एक गोष्ट विचारली, ती अजून लक्षात आहे. "एवढं रक्त काढता, त्या रक्तात गाठ परत आली का ते दिसत नाही का? धुळ्याला पहिल्यांदा रक्त बघितलं तेव्हा चांगलं निघालं होतं. आत गाठ होती तरी."

ते म्हणाले, "नाही दिसत, आजी. ही गाठ रक्तात काही खूण सोडत नाही, निदान आज आपल्याला दिसेल अशी नाही. माणसं शोधताहेत. कधीतरी एका थेंबावरून सांगता येईल. आज रक्त दोनच गोष्टी सांगतं. राखणदार किती आहेत, आणि उरलेली किडनी काम करते का. गाठीसाठी पोटाचा आणि छातीचा फोटोच काढावा लागतो."

"किडनी काय म्हणते?"

"किडनी एकटी असून दोघींचं काम करते."

"बाईची जात," मी म्हटलं.

त्यांनी आठवडाभर थांबायला सांगितलं. पुन्हा रक्त बघायचं. गर्दीत न्यायचं नाही. ताप आला तर तडक यायचं. पिंपळनेर लांब, म्हणून मी दीपनगरला शांताकडे जायचं ठरवलं. निघताना रेहाना म्हणाली, "आजी, घाबरू नका. माझ्या नसरीनच्या पेशी कितीदा उतरल्या. परत चढतात." तिच्या पोरीचं दुखणं रक्तातलंच होतं, म्हणून तिला रक्तातलं माझ्यापेक्षा जास्त कळायचं. मला त्या वेळी तिचा हेवा वाटला. तिच्या पोरीचं दुखणं रक्तात दिसतं तरी, असं वाटलं. काय वाटेल ते वाटतं माणसाला.

दीपनगर

दीपनगर म्हणजे वीजकेंद्राची वसाहत, भुसावळच्या पुढे. शांताचा मुलगा तिथे नोकरीला. सगळी घरं एकसारखी. सोनी अंगणातून आत जाऊन शेजारणीच्याच खाटेवर बसली. लांबून धुराडी दिसतात, त्यांच्यापुढे आमच्या डोंगरातलं सगळ्यात उंच झाड म्हणजे कोथिंबीर. सोनीला वाटलं ढग तिथेच तयार करतात. मी तसंच राहू दिलं.

एक गोष्ट मला आवडली नाही. वाळत घातलेल्या धोतरावर राख बसते. शांता रोज कपडे झटकते आणि रोज बडबडते. मी म्हटलं, आमच्याकडे धूळ बसते, तुमच्याकडे राख, पण आमच्याकडे वीज जाते.

शांता तिकडे लग्न होऊन गेली त्याला जमाना झाला. तिची बोली आता अर्धी तिकडची झाली आहे. माझ्याशी मात्र घरचीच बोलते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अक्का, इतला वरीसमा उनी, आनि बसस ती नुसती पोरकडे देखत. मनाकडे बी देख."

"तुनाकडे काय देखनं? तू तशीच शे, नुसती जाडी व्हयनी."

मग ती भरीत करायला बसली. तिकडचं भरताचं वांगं मोठं, पांढरट हिरवं, कापसाच्या काड्यांवर भाजतात. लाकडाच्या बुधल्यात घालून हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचतात. आमच्याकडे वांग्यात दाण्याचं कूट घालतो. ते सांगितल्यावर शांताच्या सुनेने असं तोंड केलं, जणू मी वांग्यात साखर घालते म्हणाले. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. सोनीला बिनतिखटाचं वेगळं केलं. तिने दोन घास खाल्ले. बऱ्याच दिवसांनी दोन घास स्वतःच्या हाताने खाल्ले म्हणून शांता उठून आत गेली. मी बघितलं तर पदर डोळ्यांना. मी म्हटलं, "वांग्याचा धूर लागला का?" ती म्हणाली, "हो, लागना." वांगं कधीच भाजून झालं होतं.

शेजारी एका घरी बारसं होतं. बोलावणं आलं. सोनी हट्टाला पेटली. बाळ बघायचं, पाळणा बघायचा. मी नेलं नाही. शेजारीण फुगली. शांता म्हणाली, "पाच मिनिटं नेवाले काय व्हस?" मी नाही म्हणजे नाही. सोनी दारात बसून पाळण्याची गाणी लांबून ऐकत होती. तेव्हा मला डॉक्टरांची खरी चीड आली.

इतकं करूनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप आला. सकाळी पोर चिडचिडी होती, दुपारी हात लावला तर अंग भाजत होतं. कुठून आला ते कळलं नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, आजी, कधी कधी तो बाहेरून येत नाही, माणसाच्या अंगातच पडून असतो, राखण उठली की डोकं वर काढतो. शांताच्या मुलाने ओळखीची जीप आणली. वर सांगितली ती जीप हीच.

परत जळगाव

दवाखान्यात शिरल्याबरोबर तिचं रक्त घेतलं. या वेळी ती रडली नाही, मूठही वळली नाही. मीच तिच्या हातावर फुंकर मारली. मला फुंकर नीट मारता येईना. तोंड सुकलं होतं.

डॉक्टरांनी कागद बघितला आणि मला खुर्ची दिली. खुर्ची दिली म्हणजे काय ते मला कळलं. मी बसले नाही. "उभ्यानेच सांगा."

"राखणदार जवळजवळ नाहीतच, आजी. आम्ही सलाईनमधून औषध सुरू करतोय. दोन-तीन दिवस कठीण आहेत. तिच्या पेशी वर आल्या तर ती यातून बाहेर येईल."

"आणि नाही आल्या तर?"

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. खोटं बोलले नाहीत, म्हणून त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे. म्हणाले, "तर आमच्या हातात फार काही नाही."

मग ते दिवस गेले. कसे गेले ते लिहीत नाही. घरी निरोप एवढाच दिला की पोरीला जळगावला दवाखान्यात ठेवलं आहे; सूनबाई बाळंतीण, म्हणून जास्त सांगितलं नाही. ताप उतरायचा, चढायचा. रोज सकाळी सुई. रेहाना रोज यायची. नसरीनचं रक्त नसेल तेव्हाही यायची, घरून पेज घेऊन. दारात चप्पल काढायची, हात धुवायची, नसरीनला बाहेरच बसवायची. नसरीन खिडकीच्या जाळीतून सोनीला दाखवायची, मूठ अशी, फुंकर अशी. सोनी बघायची नुसती. एका दिवशी तिने जाळीकडे बघून ओठांचा चंबू केला. फुंकर आली नाही, पण चंबू केला. रेहाना म्हणाली, "देखो आजी." मी बघितलं होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सोनी मला म्हणाली, "मोठीमाय, भूक लागनी."

मी म्हटलं, "कोन शे मी?"

"मोठीमाय. येडी का तू?"

मला त्या दिवशी येडी म्हटलेलं फार बरं वाटलं.

दुपारी सिस्टर जिना चढत खालूनच ओरडत आली, "आजी, पेशी वाढल्या! सोनीच्या पेशी वाढल्या!" मागून डॉक्टर आले, कागद माझ्यापुढे धरला. मला त्यातलं काही वाचता आलं नाही, आकडे आणि इंग्रजी. पण त्यांनी बोट ठेवलं तिथे मी बघितलं. म्हणाले, "राखण परत बसली माळ्यावर."

मी चपला घातल्या आणि खाली कोपऱ्यावर पिवळ्या पाटीच्या टेलिफोन बूथवर गेले. आमच्या घरी फोन नव्हता. पिंपळनेरला एका खताच्या दुकानात होता, निरोप तिथे द्यायचा. आमच्या वकिलाचे निरोपही तिथेच यायचे. आत काचेच्या खोलीत समोर आकडे पळत होते, त्यांच्याकडे बघून माझं बोलणं तुटलं. दुकानात नेहमीचा माणूस नव्हता, त्याचा जावई होता. आवाज खरखरत होता. मी ओरडले, "प्रकाशला निरोप द्या! पेशी वाढल्या म्हणावं! पेशी!" आणि ठेवून दिला.

'राखणदार आले' असं सांगितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण मला डॉक्टरांचा शब्द वापरायची हौस. नवा शब्द आला की जुना विसरतो माणूस. इतक्या वर्षांचं कोर्ट मी त्या आठ-दहा दिवसांत विसरून गेले होते.

एक दिवस मध्ये गेला. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी मी सोनीला पेज भरवत होते आणि दारात प्रकाश उभा. हातात पिशवी, पिशवीत सूनबाईने पाठवलेले नागलीचे पापड. सोनीने पेजेचा घास तोंडातून सोडला आणि "बाबा!" म्हणून अशी ओरडली की शेजारच्या खोलीतलं बाळ जागं झालं. तो खाटेवर बसला, तिला सलाईनच्या नळीसकट उचलून घेतलं. आपण एवढी आजारी होतो हे तिने त्याला सांगितलं नाही. ढग कुठे तयार होतात ते सांगितलं.

बराच वेळ झाल्यावर मला आठवलं. "प्रकाश, आज तुझी पेशी ना रे?"

"वाढली ना, माय. म्हणून तर आलो. म्हटलं धुळ्याला थांबायचं वाचलं, तर तसंच पुढे जळगावला जाऊ."

"कोणी सांगितलं वाढली?"

"वकिलाचा फोन आला होता दुकानात. जावई सांगायला आला, फोन उना व्हता, पेशी वाढनी. एवढंच."

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"फोन कधी आला?"

"परवा दुपारी."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. सोनी त्याच्या शर्टाची गुंडी चावत होती.

"अरे," मी म्हटलं, "त्या माझ्या पेशी होत्या. सोनीच्या. रक्तातल्या."

त्याला काही कळेना. मी त्याला राखणदारांपासून सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याचा चेहरा उतरत गेला, कारण धुळ्याच्या कोर्टात या घटकेला त्याच्या नावाचा पुकारा झाला असणार आणि तो तिथे नव्हता. मागच्या दोन पेशींनाही तो मुंबईत होता. न्यायाधीशांनी वकिलाला सांगून ठेवलं होतं की या खेपेला आला नाही तर दावा काढून टाकू.

"आत्ता निघालो तर?" तो म्हणाला.

"पोचशील तेव्हा कोर्टाला कुलूप असेल."

तो खाली मान घालून हसायला लागला. आधी मला वाटलं रडतोय. "माय," तो म्हणाला, "दाजी असते तर?" दाजी म्हणजे माझे मालक, त्याचे वडील.

"दाजी असते तर मला घरातून काढली असती," मी म्हटलं. "आणि मग पोरीला बघून परत घेतली असती."

तेवढ्यात डॉक्टर फेरीला आले. प्रकाशने त्यांना नमस्कार केला. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या शब्दाने आमचा बांध गेला." त्यांना समजावून सांगावं लागलं. या वेळी ते हसले नाहीत. ओशाळून म्हणाले, "आजी, माझ्यामुळे..." मी म्हटलं, "तुमच्यामुळे काय गेलं आणि काय राहिलं ते मला मोजता येतं. तुम्ही पोरीला बघा."

घरी

सोनीला सोडल्यावर आम्ही तिघं धुळ्यावरून परतलो. निघताना नसरीन स्टँडपर्यंत आली. तिने सोनीला स्वतःची लाल टोपी दिली, सोनीने तिला आपली निळी. खिडकीतून दोघी एकमेकींना फुंकर मारत होत्या. गाडीतल्या लोकांना वाटलं पोरी भांडताहेत.

साक्रीनंतर डोंगर दिसायला लागले तसं सोनी म्हणाली, "आते आपलं गाव उनं." तोंड पुसायला मी तिची टोपी वर केली तर टाळूवर बारीक लव आली होती. बोट फिरवल्यावर कळत होती, नजरेला नाही. मी प्रकाशचा हात धरून तिच्या डोक्यावर फिरवला. तो गाव येईपर्यंत हात काढेना.

बांध गेला. प्रकाश हजर नव्हता म्हणून कोर्टाने दावा काढून टाकला. अपील करायचं का, वकील विचारत होता. मी म्हटलं, नको, आता मला एकाच पेशीकडे बघायचं आहे. पहिल्या उन्हाळ्यात त्या आंब्याच्या कैऱ्या चुलत दिराने उतरवल्या आणि एक टोपली आमच्या ओट्यावर आणून ठेवली. मी लोणचं घातलं आणि एक बरणी त्याच्या घरी पाठवली. आता दर वर्षी तसंच चालतं.

जळगावच्या वाऱ्या पुढे बराच काळ चालल्या, आधी दर महिन्याला, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने. दर वेळी रक्त, दर वेळी फोटो. शेवटच्या खेपेला सोनी परकरातून पंजाबी ड्रेसात आली होती आणि डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. रक्त काढणाराही दुसराच होता. त्याने सुई काढली तशी सोनीने अंगठा आत घेऊन मूठ वळली आणि हातावर जोरात फुंकर मारली. तो म्हणाला, "हे काय नवीन?"

सोनी म्हणाली, "जुनं आहे."

डॉक्टरांनी कागद बघितला, फोटो बघितला आणि म्हणाले, आता यायची गरज नाही.

रेहानाची नसरीन आम्ही परतलो त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात गेली.

सोनी जगली.